रोवणीचे चित्र आणि बांबूचे सूप एकाच दालनात : पूर्व विदर्भातील एका कलासंग्रहालयाच्या प्रदर्शनाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण पूर्व विदर्भात, वैनगंगेच्या खोऱ्यातील एका तालुक्याच्या गावी, २०२४-२५ च्या हिवाळ्यात घडले. संस्थेचे आणि व्यक्तींचे नाव येथे दिलेले नाही, आणि ज्यावरून ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. निर्णय मात्र ज्या क्रमाने झाले त्याच क्रमाने मांडले आहेत.

संग्रहालय एका सार्वजनिक न्यासाचे आहे. जुन्या मालगुजारी वाड्याचा पुढचा भाग न्यासाला देणगीत मिळाला आणि त्याच्या दोन लांबट खोल्यांची दालने झाली. वर कवेलूचे छप्पर, जाड मातीच्या भिंती आणि मध्ये चौक अशी ही वास्तू आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला तरी आत उष्मा कमी जाणवतो, पण पावसाळ्यात त्याच भिंती ओल धरतात. अभिरक्षक, एक मदतनीस आणि रात्रीचा चौकीदार एवढाच कर्मचारीवर्ग आहे. कायम संग्रहात विदर्भातील चित्रकारांची काही तैलचित्रे व जलरंगचित्रे, थोडी दगडी शिल्पे आणि नाणी आहेत.

२०२४ च्या उन्हाळ्यात विश्वस्त मंडळाने हिवाळ्यासाठी दोन नवी प्रदर्शने ठरवली. पहिले चित्रांचे : नागपूर-अमरावतीकडील चित्रकारांनी काढलेली या भागाची जलरंगातील निसर्गचित्रे आणि झाडीपट्टी रंगभूमीचे, म्हणजे पूर्व विदर्भातील लोकनाट्याचे, चार जुने रंगवलेले पडदे. दुसरे हस्तकलेचे : बुरूडकाम (बांबूचे विणकाम), ढोकरा पद्धतीचे, म्हणजे मेणाच्या साच्यावरून केलेले, पितळी ओतकाम आणि करवती (करवतीच्या दात्यांसारख्या) किनारीचे कोशाचे, म्हणजे रानटी रेशमाचे, विणकाम. पडदे चित्रांमध्ये धरण्याची सूचना अभिरक्षकांची होती आणि ती मंडळाने सहज मान्य केली, याची नोंद येथे घ्यायला हवी, कारण पुढचा सगळा वाद त्या सहजपणातूनच उगवला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत दिवाळीनंतरच्या मंडईपासून (गावोगावच्या जत्रांपासून) होळीपर्यंत रात्रभर चालणारी नाटके, त्यांची वडसा या गावी होणारी नोंदणी, आणि याच रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ साली मिळालेली पद्मश्री हे सगळे मंडळातील प्रत्येकाला ठाऊक होते. नाटकाचा पडदा हे चित्र आहे हे पटवून द्यावे लागले नाही. धान पाखडायचे सूप त्याच भिंतीवर का असू नये, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नव्हता.

अडचण कशी लक्षात आली

ऑगस्टमध्ये उसनवारीच्या नोंदवहीचा कच्चा मसुदा तयार झाला. चित्रांच्या पानावर दर ओळीला चित्रकाराचे नाव, शीर्षक, माध्यम, माप, वर्ष आणि विम्यासाठीचे मूल्य असे सहा रकाने होते आणि ते बहुतेक भरलेले होते. हस्तकलेच्या पानावर पहिली नोंद अशी होती : “बांबूच्या वस्तू, ३१ नग.” दुसरी : “पितळी मूर्ती व दिवे, १८ नग.” करवतीच्या दोन साड्यांपुढे फक्त गावाचे नाव होते.

ही दोन पाने शेजारी ठेवल्यावर प्रदर्शनाचा मूळ प्रश्न उघडा पडला. चित्र कोणीतरी केलेले असते आणि टोपले कोठून तरी आलेले असते, अशी ही मांडणी होती. मदतनिसाने कोणत्याही दुष्ट हेतूने हे केले नव्हते. वर्षानुवर्षे अशाच वह्या भरल्या जातात. परंतु ज्या संग्रहालयाच्या चार कोसांच्या परिसरात हे बुरूड, ओतारी आणि कोष्टी राहतात, त्याच संग्रहालयाने त्यांना नगांमध्ये मोजावे, हे अभिरक्षकांना असह्य वाटले आणि त्यांचे ते वाटणे योग्यच होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यातच वेळेची अडचण आली. मंडईच्या गर्दीत प्रदर्शन उघडावे असा मंडळाचा बेत होता, पण १५ ऑक्टोबरपासून विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि ज्या शासकीय निधीवर खर्चाचा काही भाग अवलंबून होता तो लांबला. उद्घाटन मकर संक्रांतीनंतर ठेवावे असे ठरले. धान कापून, चुरून, खरेदी केंद्रावर पोचते झालेले असते तेव्हाच गावोगावच्या लोकांना सवड मिळते, त्यामुळे हा बदल पथ्यावर पडला.

विचारात घेतलेले पर्याय

मंडळापुढे तीन पर्याय आले.

पहिला, ठरल्याप्रमाणे दोन दालनांत दोन स्वतंत्र प्रदर्शने. यात प्रकाशाची आणि मांडणीची सोय होती. चित्रे देणाऱ्यांनाही हेच अपेक्षित होते.

दुसरा, हस्तकला चौकात आणणे : कारागिरांना बसायला जागा, करून दाखवणे आणि विक्री. गर्दी होईल आणि कारागिरांच्या हातात रोख पैसा पडेल, हा त्याचा खरा लाभ होता आणि अभिरक्षकांनी तो कधीही हलका लेखला नाही.

तिसरा, दोन्ही दालने मिळून एकच प्रदर्शन करणे आणि वस्तू प्रकारानुसार न लावता विषयानुसार लावणे : पाणी, धान, जंगल, रात्र. ‘धान’ या भागात रोवणीचे (भातलावणीचे) जलरंगचित्र, त्याच्या बाजूला सूप आणि ढोली (धान साठवायची बांबूची मोठी कणगी), समोर पितळी बैल. ‘रात्र’ या भागात झाडीपट्टीचा दरबाराचा पडदा आणि त्याच्यासमोर ओतीव दिवे.

एका विश्वस्तांनी या चर्चेत विदर्भातीलच दोन संस्थांचा दाखला दिला. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला लोक आजही अजब बंगला म्हणतात, १८६३ सालचे. तेथे वस्तू संग्रह म्हणून जपल्या जातात. वर्ध्याचे मगन संग्रहालय ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते खुले झाले. त्याची उभारणीच खादी आणि ग्रामोद्योगासाठी झाली. आपण यांपैकी कोणत्या वाटेने जाणार, असा त्यांचा सवाल होता. अभिरक्षकांचे उत्तर असे होते की, वस्तू जपणे आणि उद्योग पुढे नेणे ही दोन्ही कामे मोठी आहेत, पण करणाऱ्याच्या नजरेचा आणि हाताचा मान ही तिसरी गोष्ट आहे आणि हे प्रदर्शन तिच्यासाठी असावे.

तिसऱ्या पर्यायाला एक तांत्रिक किंमत होती. जलरंग आणि रेशीम यांवर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) जास्त प्रकाश पडू नये असा संकेत आहे, तैलरंगाला साधारण १५० ते २०० लक्स चालतात. प्रकाशाने होणारी हानी साठत जाते आणि भरून येत नाही. म्हणजे मिश्र दालनात सगळ्यांत नाजूक वस्तूला झेपेल तेवढाच उजेड ठेवावा लागतो. जवळच्या महाविद्यालयाकडून लक्समापक मागून आणला, रस्त्याकडच्या खिडक्यांना आतून जाड मांजरपाट लावले आणि दाराजवळचा भाग मुद्दाम मध्यम उजेडाचा ठेवला, म्हणजे बाहेरच्या उन्हातून आलेल्या माणसाचे डोळे आत जाईपर्यंत सरावतात. तिसरा पर्याय एका मताच्या फरकाने मंजूर झाला.

पहिला निर्णय : पाटीवर नाव कोणाचे

एका वस्तूला एक पाटी आणि तिच्यावर करणाऱ्याचे नाव, हे तत्त्व ठरले. ते घेऊन अभिरक्षक बुरूड वस्तीत गेले आणि पहिल्याच घरी अडले. साठीच्या कारागिराने सरळ विचारले, “बांबू तोडून कामट्या काढतो मी, पर विनते त माही बायको आन् सून. मंग नाव माह्या एकट्याचं कसं लिवाल जी?”

या प्रश्नाने मसुदा बदलला. चित्राची पाटी जशीच्या तशी उचलून सुपाला लावता येत नाही, कारण सूप एका घराचे काम असते. मग प्रत्येक घरी बसून कामाच्या पायऱ्या लिहून घेतल्या गेल्या. बुरूडकामाच्या पाटीवर बांबू तोडणारा, कामट्या काढणारा आणि विणणारी अशी नावे आली. ओतकामाच्या पाटीवर मातीचा गाभा घडवणारी, त्यावर मेणाच्या तारा चढवून नक्षी करणारा आणि भट्टी सांभाळून रस ओतणारा अशी वेगवेगळी नावे आली. करवती साडीला कोसा काढणारे, सूत काढणाऱ्या आणि विणकर अशी साखळी आहे. ऐन आणि अर्जुनाच्या झाडावर वाढलेल्या किड्याच्या कोशापासून तीन धोट्यांनी (आडवे सूत नेणाऱ्या साधनांनी) विणलेल्या काठापर्यंत ती जाते, आणि तिच्यातली प्रत्येक व्यक्ती शोधणे शक्य झाले नाही. तेथे जेवढी नावे खात्रीने मिळाली तेवढीच दिली आणि उरलेल्या कामापुढे फक्त कामाचे नाव लिहिले.

पडद्यांच्या बाबतीत उलटे घडले. चारपैकी दोन पडद्यांच्या कोपऱ्यात रंगवणाऱ्याची सही होती. तिसऱ्याबद्दल एका ज्येष्ठ पेंटरांनी झाडांच्या पानांचे फटकारे पाहून आपल्या गुरूचे नाव सांगितले. हे नाव पाटीवर “शिष्याने सांगितल्यानुसार” अशा शब्दांसह गेले. चौथा अनोळखीच राहिला. अशा रीतीने भिंतीवरच्या एका ‘चित्रा’ला नाव नव्हते आणि त्याच्या शेजारच्या परडीला तीन नावे होती. मंडळातील काहींना हे विचित्र वाटले. मला तो संपूर्ण प्रदर्शनातला सर्वांत सच्चा कोपरा वाटतो.

एका घराने मात्र नाव द्यायला नकार दिला. त्यांचा माल वर्षभर एकच व्यापारी उचलत असे आणि नाव-गाव छापले तर तो बिथरेल अशी भीती होती. त्यांच्या तीन वस्तूंवर फक्त “एक बुरूड कुटुंब” असे लिहिले गेले. समजूत घालून नाव मिळवण्याचा एका विश्वस्तांचा आग्रह अभिरक्षकांनी मानला नाही.

दुसरा निर्णय : मूल्य आणि मानधन

विमा उतरवण्यासाठी प्रत्येक वस्तूचे मूल्य लागते. चित्रकारांनी आपापले आकडे कळवले होते. सुपाचे मूल्य म्हणून नोंदवहीत बाजारभाव लिहिला गेला होता, आणि बाजारभावाने एकतीस बांबूच्या वस्तूंची एकूण रक्कम एका मध्यम जलरंगचित्राच्या जवळपासही पोचत नव्हती. विमा कंपनीच्या दृष्टीने हा प्रश्नच नव्हता. संग्रहालयाच्या दृष्टीने होता, कारण वस्तू हरवली तर कारागिराला तिच्या बदल्यात काय मिळावे हे त्या आकड्यावर ठरणार होते.

अभिरक्षकांनी कारागिरांसोबत बसून वेगळा हिशेब मांडला : सामग्री, लागलेले दिवस आणि कुशल कामाची दिवसाची मजुरी. ढोलीचे मूल्य या हिशेबाने बाजारभावाच्या कितीतरी पट निघाले आणि विमा उतरवणाऱ्याने थोड्या पत्रव्यवहारानंतर ते स्वीकारले. कारागिराच्या घरून वस्तू निघाल्यापासून घरी परत पोचेपर्यंत जबाबदारी संग्रहालयाची, असे करारात लिहिले.

खरी ओढाताण मानधनावरून झाली. शनिवार-रविवारी कारागिरांनी चौकात काम करून दाखवावे असे ठरले होते, आणि मंडळातील एका सदस्यांनी त्यासाठी रोजगार हमीचा दर सुचवला. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात तो दिवसाला २९७ रुपये होता. सूचना प्रामाणिक होती, शासनमान्य दर असल्यामुळे हिशेब तपासणीत अडचण येणार नाही एवढाच तिचा हेतू होता. परंतु तो दर अकुशल कामाचा आहे. ज्या हाताला कामटीची जाडी चिमटीत कळते, त्या हाताला अकुशल मजुरी देऊन बाहेर पाटीवर त्याचेच नाव कौतुकाने लावायचे, हे दोन्ही एका आवारात शोभणारे नव्हते. त्याच प्रदर्शनात व्याख्यानासाठी येणाऱ्या चित्रकारांचे मानधन आधीच मंजूर होते. बरीच चर्चा होऊन शेवटी दोघांनाही दिवसाचे मानधन सारखेच द्यावे, असे ठरले. पैसा तेवढाच होता, म्हणून प्रात्यक्षिकांचे दिवस निम्मे करावे लागले. कारागिरांना विचारून हे केले गेले. त्यांनीही कमी दिवस आणि पूर्ण मान हाच पर्याय निवडला.

प्रात्यक्षिकाचे स्वरूपही बदलले. कारागीर प्रेक्षकांसमोर मुकाट्याने बसून काम करणार आणि लोक वाकून बघणार, यात माणूसच मांडणीतली वस्तू होतो. म्हणून बसण्याची जागा गोलाकार केली, शेजारी बाके ठेवली, आणि अर्धा तास काम व अर्धा तास बोलणे अशी वेळ ठरवली. बोलणे किती होते आणि काम किती, हे पुढे ज्याचे त्याने ठरवले.

तिसरा निर्णय : बांबूतील कीड

उद्घाटनाला तीन आठवडे असताना मदतनिसाला टेबलावरच्या काळ्या कापडावर पिठासारखी बारीक भुकटी दिसली. ती दोन परड्यांखाली आणि एका टोपल्याखाली होती. टोपल्याच्या कडेवर टाचणीच्या टोकाएवढी भोके होती. बांबूतल्या पिष्टावर जगणारी ही कीड आत पोखरत राहते आणि बाहेर भोक दिसेपर्यंत आतले काम बरेचसे उरकलेले असते. बांबू कोणत्या काळात तोडला यावर तिचा जोर ठरतो. पावसाळ्यानंतर, थंडीत तोडलेला बांबू टिकतो असे बुरूड सांगतात आणि त्याला आधार आहे, कारण त्या काळात बांबूतील पिष्ट कमी असते. या वस्तू मात्र घाईच्या मागणीसाठी जो मिळाला त्या बांबूच्या केलेल्या होत्या.

मंडळाच्या तातडीच्या बैठकीत पहिली सूचना आली ती धानाच्या कोठारात ठेवतात त्या विषारी गोळ्यांची. घरोघरी परिचित असल्यामुळे ती अनेकांना सोपी वाटली. हा या प्रकरणातला सर्वांत धोक्याचा क्षण होता. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या त्या गोळ्यांतून निघणारा फॉस्फिन वायू माणसाला प्राणघातक आहे, त्या गोळ्यांचा वापर परवानाधारकांपुरताच मर्यादित आहे, आणि कवेलूच्या छपराखाली वायू कोंडून राहत नाही. तो शेजारच्या घरांत शिरला असता. शिवाय हा वायू तांब्याला आणि तांब्याच्या मिश्रधातूंना खातो. पलीकडच्या खोलीत पितळी ओतकाम ठेवलेले होते आणि भिंतीतून विजेच्या तांब्याच्या तारा गेल्या होत्या. अभिरक्षकांनी ही सूचना जागीच फेटाळली आणि कारण इतिवृत्तात लिहून घेतले, जेणेकरून पुढच्या पावसाळ्यात कोणी ती पुन्हा पुढे आणू नये.

रॉकेल पुसणे आणि कडुनिंबाचा पाला ठेवणे या सूचनाही आल्या. रॉकेलाने आगीचा धोका आणि डाग, तर पाल्याने आतल्या अळीला काहीच होत नाही.

निवडलेला उपाय गोठवण्याचा होता. गावातील एका मासळी व्यापाऱ्याने आपला रिकामा डीप फ्रीझर काही काळासाठी दिला. उणे २० अंशांत आठवडाभर ठेवल्यास अळी व अंडी मरतात असा संग्रहालयांचा अनुभव आहे. हा फ्रीझर उणे १८ च्या आसपास थांबत होता, म्हणून मुदत दुप्पट केली. प्रत्येक वस्तू जाड पॉलिथिनमध्ये, आतली हवा शक्य तितकी काढून, चिकटपट्टीने बंद केली. वीज गेली की तापमान चढते आणि गणना पुन्हा पहिल्यापासून करावी लागते, यासाठी आत तापमापक ठेवून चौकीदाराला दर दोन तासांनी नोंद करायला सांगितले. बाहेर काढल्यावर पिशव्या पूर्ण दिवस तशाच बंद ठेवल्या, कारण थंड बांबू उघड्या हवेत आणला की त्यावर दव धरते आणि बुरशीला वाट मिळते. फक्त तीन वस्तूंत भुकटी दिसली होती, तरी फ्रीझरमध्ये मावणाऱ्या सर्व बांबूच्या वस्तू दोन खेपांत गोठवल्या गेल्या. दुसरी खेप उद्घाटनानंतरच मांडता आली. तोवर तिच्या जागा पाटीसह रिकाम्या ठेवल्या.

ढोली मावत नव्हती. तिच्यात कीड दिसत नसली तरी ती दालनात न ठेवण्याचा निर्णय झाला. तिच्या कर्त्यांनी तेव्हा स्वतःहून सुचवले की, बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या कामट्या द्या, आम्ही चौकातच नवी विणतो. प्रात्यक्षिकाला त्यामुळे एक सलग उद्दिष्ट मिळाले आणि प्रदर्शनाच्या शेवटच्या आठवड्यात नवी ढोली रोवणीच्या चित्राशेजारी उभी राहिली. बांबू कोणत्या ग्रामसभेच्या जंगलातून आला हेही तिच्या पाटीवर लिहिले. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने सामूहिक वनहक्क मिळवून २०११ मध्ये स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकला, त्या लढ्यानंतर या भागात बांबूच्या उगमाचा उल्लेख हा केवळ तपशील राहिलेला नाही.

इतर काही बाबी

पितळी मूर्ती चिंचेने घासून लख्ख कराव्यात अशी एका सदस्यांची इच्छा होती. ओताऱ्यांनीच ती थांबवली : भट्टीतून आल्यावर खाचांत राहिलेला काळपटपणा गेला तर मेणाच्या तारांची नक्षी दिसेनाशी होते.

पडदे पूर्वी घडी घालून ठेवलेले होते आणि सरसात कालवलेला भुकटीचा रंग घड्यांवर उडाला होता. रंग भरण्याचा मोह टाळला, फक्त मऊ कुंचल्याने धूळ काढली. परतीच्या वेळी ते मोठ्या व्यासाच्या नळीवर, रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळले. बाजू आत ठेवली तर रंगाचा थर दाबला जाऊन सुटतो.

परिणाम

प्रदर्शन ठरलेल्या मुदतीपर्यंत चालले. शाळांच्या सहली अपेक्षेप्रमाणे आल्या. अपेक्षेपलीकडचे होते ते कारागिरांच्या नात्यागोत्यातल्या माणसांचे येणे. पाट्या मोठ्याने वाचून दाखवण्याची मागणी झाल्यामुळे मदतनिसाचा निम्मा वेळ त्यातच जाऊ लागला. बुरूडांच्या दोन घरांना थेट मागणी आली. करवती विणकराला मात्र चौकशीपलीकडे काही मिळाले नाही, आणि दोन साड्या भिंतीवर टांगल्याने एवढ्या अवघड विणकामाचा बाजार सुधारत नाही, हे मान्य करायला हवे.

एका चित्रकाराने आपले चित्र टोपल्याशेजारी लागल्याबद्दल लेखी नाराजी कळवली. चित्र काढून घेण्याचा त्यांचा हक्क मान्य करून त्यांना दालन पाहण्याचे निमंत्रण दिले गेले. ते आले, चित्र राहू दिले; नाराजी मागे घेतली नाही. न्यासाने नोंदवहीचा नमुना कायमचा बदलला असून आता दोन्ही पानांवर रकाने तेच आहेत.

वेगळे काय करता आले असते

चित्रे देणाऱ्यांची संमती जुन्या योजनेवर घेतली होती. मांडणी बदलल्यावर प्रत्येकाला नवा आराखडा पाठवून पुन्हा विचारणे आवश्यक होते. ती नाराजी टाळता आली नसती, पण तिला तक्रारीचे रूप आले नसते.

बांबू, लाकूड, कापड अशी कोणतीही सेंद्रिय वस्तू आली की ती आधी वेगळ्या खोलीत, काळ्या कापडावर, किमान तीन आठवडे ठेवून पाहायला हवी होती. काळे कापड टेबलावर होते तेही योगायोगाने. फ्रीझर वेळेवर मिळाला, त्यामागे व्यापाऱ्याचा चांगुलपणा होता, योजना नव्हती.

मानधनाचा दर निमंत्रणाच्या वेळीच ठरायला हवा होता. काही कारागीर प्रात्यक्षिकाला होकार देऊन बसले होते आणि त्यांना रक्कम कित्येक आठवड्यांनी कळली. त्यांनी कुरकूर केली नाही, पण गरजवंताच्या गप्प राहण्याला संमती समजणे हे कोणत्याही संस्थेला परवडणारे नाही. तसेच खरेदीसाठी थोडी तरी तरतूद हवी होती. नवी ढोली संग्रहालयाच्या आवारात, संग्रहालयाच्या सामग्रीतून विणली गेली, आणि तरीही ती संग्रहात घेण्यासाठी पैसे नसल्यामुळे मालकीचा प्रश्न महिनाभर लोंबकळत राहिला. शेवटी एका विश्वस्तांनी तिची पूर्ण किंमत देऊन ती न्यासाला दिली.

नाव न देणाऱ्या कुटुंबाबाबतही करारात एक त्रुटी होती. प्रदर्शन अर्ध्यावर आले असताना त्या घरची सून येऊन पाट्या बघून गेली, आणि पुढच्या आठवड्यात सासूला घेऊन आली. दोघींची नावे लावा, घरच्या पुरुषांची नकोत, असे त्यांनी सांगितले. छापील पाट्यांचा खर्च संपला होता आणि करारावर सही घरच्या कर्त्या पुरुषाची होती, म्हणून हा बदल करायला दहा दिवस लागले. नाव देण्याचा, न देण्याचा आणि मध्येच मत बदलण्याचा हक्क सही करणाऱ्या एकट्याचा नसून काम करणाऱ्या प्रत्येकाचा स्वतंत्र आहे, असे कलम नव्या नमुन्यात घातले आहे, आणि पाट्या आता हाताने लिहिल्या जातात.